साच्यावरच हसणारे सिनेमे

विनोदी चित्रपटाकडे वेळ फार थोडा असतो. पात्र पडद्यावर आले की ते कोण, कुठले, कशाला भिणारे हे प्रेक्षकाला क्षणात कळावे लागते. नाहीतर पुढचा विनोद फुकट जातो. म्हणून विनोदाला तयार साचे लागतात, आणि साच्यासाठी सर्वांत स्वस्तात मिळणारा माल म्हणजे माणसाचा वंश, भाषा, शरीर आणि लैंगिकता. हॉलिवूडने हा माल सुरुवातीपासून सढळ हाताने वापरला. १९३०च्या दशकात लिंकन पेरी हा कृष्णवर्णीय नट ‘स्टेपिन फेचिट’ या नावाने आळशी, पाय ओढत चालणारा नोकर रंगवून प्रसिद्ध आणि श्रीमंत झाला. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर अमेरिकेत घराघरांत पोचला, पण त्याची भूमिका केली ती स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडने आणि त्याच्या मृत्यूनंतर सिडनी टोलरने. १९६१च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये मिकी रूनीने पुढे आलेले नकली दात लावून एक चिडका जपानी शेजारी उभा केला. त्या काळात थिएटरांत त्यावर हशा पिकला. आज तो प्रसंग बघताना प्रेक्षक चुळबुळ करतात.

स्टुडिओबाहेर, स्वतः जमवलेल्या पैशावर विनोदी चित्रपट काढणाऱ्यांनी या साच्यांचे काय केले, हा अमेरिकन सिनेमाच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतला एक रंजक धागा आहे. साचा खोटा आहे असे गंभीरपणे सांगणारे माहितीपट पुष्कळ झाले. विनोदी चित्रपटवाल्यांनी वेगळा डाव टाकला. लोकांनी आपल्यावर चिकटवलेली प्रतिमा, आणि एकट्याने साऱ्या जमातीचा प्रतिनिधी व्हावे ही अपेक्षा, या दोहोंचीच त्यांनी थट्टा मांडली. या परंपरेतले जे चित्रपट आज टिकून आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा मुख्य विनोद हाच आहे.

त्याची फार नेमकी सुरुवात १९८२ साली वेन वाँगच्या ‘चॅन इज मिसिंग’ने केली. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या वाँगने सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, कृष्णधवल फिल्मवर, सुमारे बावीस हजार डॉलरमध्ये हा चित्रपट पुरा केला. गोष्ट साधी आहे: जो आणि स्टीव्ह हे दोन टॅक्सीचालक चार हजार डॉलर घेऊन गायब झालेल्या चॅन हंग नावाच्या माणसाला शोधत हिंडतात. म्हणजे यात गुप्तहेर आहेत, चॅनही आहे, फक्त चॅन सापडत नाही. ज्याला विचारावे तो त्याचे वेगळेच वर्णन करतो. कुणाला तो हुशार वाटतो, कुणाला विक्षिप्त, कुणाला राजकीय भानगडीत अडकलेला. शेवटी जोच्या हाती त्याचा एक फोटो लागतो, पण त्यातही चॅनचा चेहरा सावलीत आहे. चिनी-अमेरिकन माणूस नेमका कसा असतो, या प्रश्नाला चित्रपट उत्तर देत नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाच गल्लीबोळांतून फिरवतो. प्रसिद्ध गुप्तहेराचे नाव घेऊन त्याचा साचा असा रिकामा करणे, आणि तेही आपण काही शिकवतो आहोत असा आव न आणता, ही करामत फार थोड्यांना साधली.

चार वर्षांनी स्पाइक लीचा ‘शीज गॉटा हॅव इट’ आला. १९८५च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये बारा दिवसांत चित्रित झालेल्या या चित्रपटाला सुमारे पावणेदोन लाख डॉलर लागले आणि अमेरिकेत त्याने सत्तर लाखांच्या आसपास कमाई केली. नोला डार्लिंग ही तरुण चित्रकार एकाच वेळी तीन पुरुषांशी संबंध ठेवते आणि त्यातल्या एकालाच निवडायला नकार देते, एवढेच कथानक. पण त्यातली माणसे गुंड नव्हती, नोकर नव्हती, कुणाचे बळीही नव्हती. ती प्रेमात पडत होती, भांडत होती, कॅमेऱ्याकडे तोंड करून स्वतःची बाजू मांडत होती. मोठा चष्मा लावून एकच वाक्य चार-चारदा बोलणारा मार्स ब्लॅकमन लीने स्वतः रंगवला. कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचे प्रेमप्रकरण गोऱ्या पात्राच्या मध्यस्थीशिवाय पडद्यावर येणे ही तेव्हा खरोखर नवी गोष्ट होती.

मात्र साच्याशी समोरासमोर दोन हात केले ते रॉबर्ट टाउनसेंडने. १९८७चा ‘हॉलिवूड शफल’ या साऱ्या परंपरेचा पायाचा दगड मानायला हरकत नाही. टाउनसेंड कसलेला नट होता, ‘अ सोल्जर्स स्टोरी’सारख्या चित्रपटात त्याने काम केले होते, पण त्यानंतरही त्याला ज्या भूमिकांसाठी बोलावणे येई त्या गुंड, दलाल, व्यसनी अशाच असत. अखेर त्याने आपल्या कमाईतली शिल्लक घातली, ती संपल्यावर क्रेडिट कार्डांवर उधारी केली आणि कीनन आयव्हरी वेयन्सबरोबर लिहिलेला चित्रपट सुमारे एक लाख डॉलरमध्ये पुरा केला. पैसे येतील तसे चित्रीकरण होई, त्यामुळे मोजके दिवस दोन वर्षांहून अधिक काळात विखुरले गेले. दुसऱ्यांच्या चित्रपटांतून उरलेली फिल्म वापरली. रोख पैसे नसत, तेव्हा पेट्रोलच्या कार्डावर नटांच्या गाड्यांच्या टाक्या भरून देऊन मेहनताना चुकता केल्याचा किस्सा टाउनसेंड स्वतः सांगतो.

चित्रपटाचा नायक बॉबी टेलर हॉटडॉगच्या दुकानात काम करतो आणि सुट्ट्या मारून ऑडिशनला जातो. त्याला मिळू घातलेली भूमिका एका रस्त्यावरच्या टोळीवाल्याची आहे. घरी तो आरशासमोर ते संवाद घोकतो आणि धाकटा भाऊ टक लावून बघत बसतो. या भावाच्या नजरेवर कॅमेरा थोडा वेळ थांबतो आणि प्रतिनिधित्व म्हणजे काय हे तेवढ्यात कळते. मधूनमधून बॉबीची दिवास्वप्ने येतात. त्यांतले ‘कृष्णवर्णीय अभिनय शाळे’चे प्रहसन सर्वांत गाजले. पळून चाललेला एक गुलाम गयावया करतो. मग तोच नट कॅमेऱ्याकडे वळून शुद्ध ब्रिटिश उच्चारांत आपला परिचय देतो आणि या शाळेने आपले कसे भले केले ते सांगतो. शाळेत गोरे शिक्षक कृष्णवर्णीय नटांना ‘कृष्णवर्णीयासारखे’ चालायला, बोलायला शिकवत असतात. सुशिक्षित नटाला ते जमत नाही आणि शिक्षकाचा संताप होतो. विनोदाचा नेम येथे ज्या माणसावर साचा बसवला त्याच्यावर नसून साचा घडवणाऱ्या कारखान्यावर आहे.

शेवटी बॉबी ती भूमिका सोडतो. त्याची आजी आधीपासून बजावत असते की सचोटीने पोट भरायचे तर टपाल खात्यात काम मिळते. शेवटच्या प्रसंगात बॉबी टपाल कर्मचाऱ्याच्या गणवेशात दिसतो आणि मग लक्षात येते, की तो टपाल खात्याच्या जाहिरातीचे चित्रीकरण करतो आहे. शेवट गोडही आहे आणि थोडा कडूही. अभिनय सुटलेला नाही, स्वाभिमान शाबूत आहे, पण मिळाली ती जाहिरात. चित्रपटाने पन्नास लाख डॉलरच्या आसपास धंदा केला. वेयन्सने पुढे १९९०मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘इन लिव्हिंग कलर’ हा प्रहसनांचा कार्यक्रम सुरू केला, आणि स्टुडिओच्या दारात अडलेला विनोद अशा रीतीने दूरचित्रवाणीच्या दिवाणखान्यात शिरला.

या यशाबरोबर एक अडचणही आली. एखाद्या समाजाचे पडद्यावरचे चित्रपट बोटांवर मोजण्याइतके असले, की प्रत्येकाने साऱ्या समाजाच्या वतीने बोलावे अशी अपेक्षा होते. ब्रिटिश अभ्यासक कोबीना मर्सर याने १९९०मध्ये या स्थितीची नेमकी चिकित्सा केली. ‘प्रतिनिधित्वाचे ओझे’ ही संज्ञा त्यानंतर चर्चेत पक्की रुळली. गोऱ्या दिग्दर्शकाने मूर्ख गोरा दाखवला तर तो एक मूर्ख माणूस ठरतो. अल्पसंख्य दिग्दर्शकाने आपल्यातला मूर्ख दाखवला, की समाजाची बदनामी झाल्याची ओरड होते. विनोदाला तर मूर्ख, लबाड, भित्री माणसे लागतातच. सगळीच पात्रे आदर्श झाली तर हसायचे कशावर? हनीफ कुरेशीने लिहिलेल्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’च्या (१९८५) विरोधात न्यूयॉर्कमध्ये पाकिस्तानी मंडळींनी निदर्शने केली ती याच कारणासाठी: लंडनमधले पाकिस्तानी व्यापारी त्यात धूर्त होते, एक तरुण समलिंगी होता, आणि तो लाजत नव्हता.

ओझ्याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. जो समाजाच्या वतीने बोलतो, तो समाजातल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो का? ‘शीज गॉटा हॅव इट’वर बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकेने कडक टीका केली. नोला मुक्त स्त्री म्हणून मिरवली तरी चित्रपट तिच्याकडे पुरुषांच्याच नजरेने पाहतो, हा तिच्या म्हणण्याचा गाभा होता. चित्रपटात नोलावर बलात्कार होतो आणि तो प्रसंग जवळपास हलकेच घेतला जातो. पुढे अनेक वर्षांनी लीने स्वतः त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. नोलाच्या मागे लागलेली समलिंगी मैत्रीण ओपल हीदेखील एक साचाच होती. एका साच्यातून सुटलेला विनोद दुसऱ्याला साच्यात घालतो तो असा, आणि स्वतंत्र सिनेमा त्याला अपवाद नाही.

या रिकाम्या जागेतच शेरिल डनये उभी राहिली. १९९६चा ‘द वॉटरमेलन वुमन’ हा उघडपणे समलिंगी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. फिलाडेल्फियातल्या व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल (डनयेनेच रंगवलेली) १९३०च्या दशकातल्या एका चित्रपटात मोलकरणीची भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय नटीच्या प्रेमात पडते. श्रेयनामावलीत त्या नटीला नावच नाही, फक्त ‘वॉटरमेलन वुमन’ एवढेच. शेरिल कॅमेरा घेऊन तिचा शोध घेते: आईला विचारते, संग्रहालयांत जाते, तज्ज्ञांच्या मुलाखती घेते. कमिल पालिया ही खरी, नामांकित समीक्षक त्यात स्वतःचीच टिंगल करत असे काही भन्नाट तर्क लढवते, की विद्वत्तेचाही साचा असतो हे पटावे. हळूहळू जुने फोटो, पत्रे, आठवणी यांतून फे रिचर्ड्सचे सारे आयुष्य उभे राहते. आणि चित्रपट संपताना पडद्यावर कबुली येते, की ही नटी कधी नव्हतीच. ज्यांचा इतिहास कुणी जपला नाही त्यांना तो कधीकधी रचावा लागतो. ते जुने वाटणारे फोटो झो लेनर्ड या छायाचित्रकार स्त्रीने खास या चित्रपटासाठी तयार केले होते. थट्टेखोर चित्रपटाने शेवटच्या मिनिटात प्रेक्षकाच्या पायाखालची सतरंजी ओढण्याचे इतके चोख उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

या चित्रपटाच्या सुमारे तीन लाख डॉलर खर्चातले ३१,५०० डॉलर ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी संस्थेच्या अनुदानातून आले होते. त्यातल्या एका शय्याप्रसंगाची बातमी झाली, मिशिगनचे रिपब्लिकन प्रतिनिधी पीटर हूक्स्ट्रा यांनी करदात्यांच्या पैशाचा मुद्दा काढून हरकत घेतली आणि प्रकरण थेट अमेरिकी संसदेत गेले. कोणाची गोष्ट सांगायची हा प्रश्न बघता बघता कोणाच्या पैशाने सांगायची यावर आला.

पैशाचा हा प्रश्न सर्वत्र आहे आणि तो चित्रपटाच्या आशयात शिरतो. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘चॅनल फोर’ वाहिनीवर इतरत्र स्थान नसलेल्या समाजगटांना जागा देण्याची जबाबदारी कायद्यानेच होती. गुरिंदर चढ्ढाचा ‘भाजी ऑन द बीच’ (१९९३) त्या धोरणातून उभा राहिला. बर्मिंगहॅमच्या भारतीय वंशाच्या बायका एका दिवसाच्या सहलीला ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जातात. त्यात झोहरा सहगल यांची कडक आजीही आहे. तीन पिढ्यांच्या बायका एका बसमध्ये असल्यामुळे ‘भारतीय स्त्री’ म्हणून कुणा एकीकडे बोट दाखवता येत नाही. ओझे वाटून घेण्याचा हा साधा आणि उत्तम मार्ग आहे. अमेरिकेत अशी वाहिनी नव्हती, त्यामुळे तिथे गुंतवणूकदाराच्या सूचना ऐकाव्या लागत. निया वारदालोसच्या ग्रीक कुटुंबावरच्या पटकथेला स्टुडिओवाले हे कुटुंब इटालियन करा म्हणत होते. ग्रीक वंशाच्या रीटा विल्सनने वारदालोसचा एकपात्री प्रयोग पाहिला म्हणून ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ (२००२) मूळ रूपात निघाला. सुमारे पन्नास लाख डॉलरच्या या चित्रपटाने जगभरात ३६ कोटींहून अधिक कमावले. लुलू वाँगलाही ‘द फेअरवेल’साठी (२०१९) नायिकेला एक गोरा प्रियकर द्या असा सल्ला मिळाला होता. आजीला कॅन्सर आहे हे तिच्यापासून लपवायचे आणि खोट्या निमित्ताने लग्न काढून सगळ्यांनी तिला भेटून यायचे, ही तिच्याच घरात घडलेली गोष्ट तिने आधी रेडिओवर सांगितली. ती ऐकून निर्माता पुढे आला. चित्रपटात बहुतेक संवाद चिनी आहेत आणि प्रियकर नाही. गंमत म्हणजे गोल्डन ग्लोब पुरस्कारांत याच कारणाने हा अमेरिकन चित्रपट परभाषेच्या गटात गेला, आणि त्याची नायिका ऑक्वाफिना मात्र विनोदी-संगीत गटातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली.

पैशाखेरीज प्रमाणपत्राचीही चाळणी असते. समलिंगी मुलांना ‘सुधारण्या’च्या शिबिराची टर उडवणाऱ्या, मुलींना भडक गुलाबी आणि मुलांना भडक निळ्या रंगात बुडवून टाकणाऱ्या जेमी बॅबिटच्या ‘बट आयॅम अ चीअरलीडर’ला आधी सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळाले, थिएटरे मिळवायची तर कात्री चालवणे भाग पडले.

या साऱ्यांत हशाचे सर्वांत सुंदर रसायन क्रिस आयरच्या ‘स्मोक सिग्नल्स’मध्ये (१९९८) पाहायला मिळते. अमेरिकेतल्या मूलनिवासींनीच लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, देशभर प्रदर्शित झालेला हा पहिला कथापट. पटकथा शर्मन अलेक्सीची. आयडाहोतल्या राखीव वस्तीवरचे दोन तरुण, व्हिक्टर आणि थॉमस, व्हिक्टरच्या वडिलांच्या अस्थी आणायला बसने ॲरिझोनाला निघतात. थॉमस बडबड्या, सुटाबुटातला, सतत हसरा. वाटेत व्हिक्टर त्याला झापतो: इंडियनाने हसायचे नसते, चेहरा दगडी ठेवायचा, आत्ताच गव्याची शिकार करून आल्यासारखा. थॉमस शांतपणे म्हणतो, आपली जमात गव्याची शिकार करतच नव्हती, आपण मासेमार. व्हिक्टर वैतागतो, मासे पकडून आल्यासारखा चेहरा करून कोण घाबरणार? थॉमसने ‘डान्सेस विथ वुल्व्हज’ हा हॉलिवूडपट शंभरदा पाहिला असेल, असा टोमणाही मारतो. मग थॉमस केस मोकळे सोडतो, सूट उतरवून टीशर्ट घालतो आणि दगडी चेहऱ्याने बसमध्ये परततो. त्यांच्या जागांवर दोन गोरे बसलेले असतात. ते उठत नाहीत.

हा प्रसंग एका वेळी तीन ठिकाणी नेम धरतो. हॉलिवूडने रंगवलेला इंडियन त्यात आहे. तोच साचा शिरोधार्य मानून एकमेकांना शिकवणारे इंडियन आहेत. आणि साचा हुबेहूब वठवूनही बसची जागा मिळत नाही, हेही आहे. वस्तीवरच्या प्रेक्षकाला मासेमारीचा विनोद आतून कळतो, शहरी प्रेक्षकाला चित्रपटाचा टोमणा कळतो, आणि दोघे वेगवेगळ्या क्षणी हसतात. चित्रपटात फक्त उलट दिशेने चालणारी एक मोटार आहे. तिचे स्पष्टीकरण कुणी देत नाही, पात्रेही तिच्याकडे वळून बघत नाहीत. परक्या प्रेक्षकासाठी तळटीपा देत बसायचे नाही हा आत्मविश्वास अशा छोट्या गोष्टींत दिसतो. सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला.

गोष्ट ज्यांची आहे त्यांनीच ती सांगावी का, या वादावर शॉन बेकरच्या ‘टँजरिन’ने (२०१५) एक व्यवहारी तोड दाखवली. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या दोन ट्रान्स मैत्रिणींच्या नाताळच्या आदल्या दिवसाची ही धावपळ. बेकर स्वतः ट्रान्स नाही. त्याने त्या परिसरातल्या माया टेलर आणि किटाना किकी रॉड्रिग्ज यांना गाठले, त्यांच्याकडून किस्से ऐकले आणि मुख्य भूमिकाही त्यांनाच दिल्या. टेलरने अट घातली होती: रस्त्यावरचे हाल जसेच्या तसे दाखवा, आणि चित्रपट विनोदी करा, म्हणजे तिथे राहणाऱ्या बायकाही तो बघून हसतील. चित्रीकरण आयफोनवर, छोटी जोडभिंगे लावून झाले. खर्च सुमारे एक लाख डॉलर. मोठा कॅमेरा नसल्यामुळे डोनटच्या खऱ्या दुकानात, खऱ्या फुटपाथवर काम करता आले आणि नायिकांचा वेग कुठे अडला नाही. टेलरला पुढच्या वर्षी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. दुसऱ्याची गोष्ट सांगणाऱ्याने दया बाजूला ठेवली आणि विनोदाची सूत्रे ज्यांची गोष्ट त्यांच्याच हाती राहू दिली, तर काय साधते हे या चित्रपटात दिसते. अर्थात दिग्दर्शकाच्या खुर्चीवर कोण बसले हा प्रश्न त्याने मिटत नाही.

दरम्यान पैसा उभारण्याची रीतही बदलली. जस्टिन सिमियनने न काढलेल्या चित्रपटाचीच झलक इंटरनेटवर टाकली, लोकवर्गणीतून चाळीस हजारांहून अधिक डॉलर जमवले, आणि त्या जोरावर निघालेला ‘डिअर व्हाइट पीपल’ (२०१४) पुढे नेटफ्लिक्सवर मालिकाही झाला. त्यात एका उच्चभ्रू विद्यापीठातले चार कृष्णवर्णीय विद्यार्थी आहेत आणि ‘पुरेसे कृष्णवर्णीय’ कोण यावर त्यांचे एकमेकांशीच पटत नाही.

कॉर्ड जेफरसनचा ‘अमेरिकन फिक्शन’ (२०२३) पाहताना तर टाउनसेंडची आठवण होणे अटळ आहे. पर्सिव्हल एव्हरेटच्या २००१च्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटातला प्राध्यापक-लेखक मंक याची पुस्तके ‘पुरेशी कृष्णवर्णीय’ नाहीत म्हणून खपत नाहीत. चिडून तो टोपणनावाने बंदुका, व्यसने आणि फरार बाप यांनी ठासून भरलेली एक भिकार कादंबरी निव्वळ चेष्टा म्हणून लिहितो. प्रकाशक तिच्यावर लाखो डॉलर उधळतात, उदारमतवादी परीक्षक तिला सच्चा आवाज म्हणून डोक्यावर घेतात. छत्तीस वर्षांत साच्याचे गिऱ्हाईक बदलले आहे: ‘हॉलिवूड शफल’मध्ये साचा विकणारे अडाणी आणि निगरगट्ट होते, इथे विकत घेणारे सुसंस्कृत आहेत आणि घेताना त्यांचे डोळे पाणावतात. मात्र मंकच्या घरातली आजारी आई, घटस्फोटित भाऊ, बहिणीचा मृत्यू ही अगदी साधी, कुणाच्याही घरातली गोष्ट शेजारी चालू राहते, आणि तिला बाजारात गिऱ्हाईक नाही, हा चित्रपटातला जास्त बोचरा विनोद आहे. २०२४मध्ये पटकथेचे ऑस्कर घेताना जेफरसनने मंचावरूनच निर्मात्यांना विनंती केली, की वीस कोटींचा एक चित्रपट काढण्यापेक्षा एकेक कोटीचे वीस किंवा चाळीस-चाळीस लाखांचे पन्नास काढून पाहा.